पावातलं भोक

पाववाल्याचा आवाज म्हणजे फुटकं मडकं, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की दातखीळ. देवाला द्यायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती: चर्चमधल्या प्रभुभोजनात प्रभूचं शरीर म्हणून वाटला जाणारा पाव. मळलेला मैदा फुगला का हे बघायला तो नेहमी अंगठा रुतवायचा. आज घाईत ते भोक बुजवायचंच राहिलं आणि पाव तसाच भाजला गेला. “अहो, देवाला असा भोक पडलेला पाव?” बायको कडाडली. पण दुसरा भाजायला वेळ कुठे होता? चर्चमध्ये पाळकांनी पाव उंचावला, आपल्या पापांसाठी खिळे ठोकले गेलेल्या प्रभूच्या हातांची आठवण काढली आणि नेमका भोकाजवळच तो मोडला. पाववाला खालमानेनं पुढे गेला. “पाळकसाहेब, माफ करा. ते भोक माझ्या हातानं पडलंय.” पाळक तुकड्याकडे बघतच राहिले. “आपल्या सगळ्यांच्याच हातानं पडलंय, बाबा.” तुकडा घेताना पाववाल्याचा अंगठा आपसूक त्याच भोकात गेला, आणि त्यानं गुडघे टेकले.