बाहेरचा चहा

शकुन वलगावहून रोज अमरावतीच्या बाजारात मेथी-पालक विकायला येते. एकदा तिची मुलगी खुशी हिनं मोबाइलवर हिशेब करून दाखवला. "आई, दिवसातून दोन डाव टपरीवरचा चहा! वर्षाचे जोडले तं माह्या क्लासची फी निघते. घरून थर्मास नेत जाय ना."

शकुनला पटलं. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी उठून चहा उकळू लागली. थर्मास भरायचा, बाजारात स्वतःच ओतून प्यायचा, घरी गेल्यावर घासून ठेवायचा. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी भरला थर्मास तसाच ठेवून ती शेजारच्या टपरीवर गेली आणि बाकड्यावर टेकली. टपरीवाल्या जीवननं न विचारताच गरम चहाचा ग्लास तिच्या हातात आणून दिला.

"काहून शकुनताई, घरचा चहा चांगला नाही लागत का?"

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला. लगेच प्यायली नाही.


"चांगला लागते ना भाऊ. पण तो बी माह्याच हातचा असते. मले आयता चहा देणारे जगात तुमीच एक आहा."