बावीस पावलं

यंदा कॉलेजच्या संघात चार नव्या मुली आल्या, सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. रिले शर्यतीत तीन वर्षं तिसरी धावणारी मी. माझ्याकडून बॅटन घेणारी शेवटची, त्या नव्यांतली एक. तिनं टाचेला पायाचा अंगठा लावत आपल्या जागेपासून मागे बावीस पावलं मोजून ट्रॅकवर चिकटपट्टी लावली. मी पट्टी ओलांडली की तिनं सुटायचं. ती सुटली. मी जीव तोडून धावले, पण बॅटन तिच्या हातापर्यंत पोचेना. "पट्टी जवळ आण, म्हणजे तू उशिरा सुटशील," सर म्हणाले. वीस, मग अठरा, तरी तेच. "ताई, मी हळू पळू का?" तिनं काळजीनं विचारलं. माझा तिळपापड झाला. मी पट्टी उचकटून पुन्हा बावीस पावलांवर चिकटवली. कडेला दुसरी नवखी बूट बांधत होती. बॅटन तिच्या हातात कोंबलं. "सर, पट्टी इथेच राहील. धावणारी बदला." बाकावर बसले, तरी पाय थांबेनात.