वायर ढिली आहे

नवऱ्याने हौसेने आणलेल्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं चित्र एका वेळी एकाच जागी दिसतं. एकतर त्याच्या टेबलावरच्या नव्या स्क्रीनवर, नाहीतर सासऱ्यांच्या खोलीतल्या जुन्या डबा टीव्हीवर.

रोज संध्याकाळी सहाला नवी स्क्रीन काळी व्हायची आणि सासऱ्यांच्या खोलीला आतून कडी लागायची.

"वायर ढिली आहे," नवरा म्हणायचा.

"बरोबर सहालाच ढिली होते का रे?"

तो उगाच वायर हलवून बघायचा. सासऱ्यांना या वयात दार लावून असं काय बघायचं असतं? बापलेकांचं काहीतरी शिजत होतं, एवढं नक्की.

काल कडी लावायची राहिली, तसं मी हळूच दार लोटलं.

 

टीव्हीच्या काचेवरचा भलामोठा 'क' बोटाने गिरवत बसले होते, रोज सकाळी तासभर पेपर वाचणारे माझे सासरे.