एकाच नावाच्या दोन फायली

“सर, कंप्युटरच्या लायब्ररीत एकाच नावाच्या दोन फायली राहतात का?”

मैत्रिणींनी पैज लावून हा प्रश्न यशोधराच्या गळ्यात मारला होता, आणि तिनं तो भर वर्गात विचारूनही टाकला!

बोरकुटे सर खूश झाले. “नाही राहत. दुसरी ठेवली की पहिली कायमची पुसली जाते. म्हणून तर नियम आहे ना पोरींनो, लायब्ररी म्हणजे सगळ्यांचा सामाईक कप्पा, तिथं फक्त सगळ्या प्रोग्रामले लागणाऱ्या फायली. आपापल्या फायली आपापल्या डिरेक्टरीत, आपल्या नावाच्या कप्प्यात.”

“अन् कोणी चुकून ठेवलीच तर?” तिनं पुढं विचारलं.

“माझी ‘चित्र’ फाईल आहे न तिथं? ती गेली, तर उद्याच्या प्रदर्शनात पडद्यावर एक रेघ उमटणार नाही. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात! ठेवणारीले मी या खोलीत पाय टाकू देणार नाही.” सर हसले.

संध्याकाळी तिचं ताट तसंच राहिलं.

“जेवत काहून नाही वं?” आईनं विचारलं.

“बाबा, सायकल काढा. मी रामदासपेठेत सरांच्या घरी चालली.”

“आता? काहून?” बाबांनी विचारलं.

“आज सकाळी मी माझी फाईल लायब्ररीत ठेवली. तिचंही नाव ‘चित्र’च होतं. सरांनी मले खोलीत नाही घेतलं तर नाही घेतलं, पण त्यांची फाईल मी पुसली, हे त्यांना उद्या लोकांसमोर नाही, आज माझ्या तोंडून कळेल.”