येणंजाणं

महेंद्रच्या नगरमधल्या ऑफिसात सगळे जण काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करूनच फोल्डर उघडायचे. त्यासाठी एखादं सोपं टूल निवडायचं काम पंकजा मॅडमनी त्याच्यावर टाकलं. मॅडम कडक होत्या. कुणी टेबलाजवळ आलं की आधी लॅपटॉप मिटायच्या, मग बोलायच्या.

पठ्ठ्यानं पंधरा दिवस पाच टूल्स वापरून पाहिली आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये आपली स्क्रीन भिंतीवर लावली.

"यातलं हे एक नंबर आहे, मॅडम. शोधाशोधच नाही. ज्या फोल्डरमध्ये आपलं येणंजाणं जास्त, तो हे आपणहून सगळ्यात वर आणतं," असं म्हणून त्यानं ऐटीत एंटर दाबलं.

भिंतीवर यादी उमटली. सगळ्यात वर 'राजीनामा', त्याखाली 'पुण्यातल्या नोकऱ्या'. शिर्डीच्या हॉटेल-बुकिंगचं काम, ज्याचा त्याला पगार मिळत होता, ते अकराव्या नंबरवर होतं.

मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली.

 

"हे नको, महेंद्र. माझ्याकडं दोन वर्षांपासून हेच टूल आहे," म्हणत त्यांनी आपला लॅपटॉप हळूच मिटला.