तळ्याची वाट

हिवाळी पाखरांच्या रक्षणासाठी सात देशांचे पाहुणे वरवट बकालजवळचं तळं पाहायला यायचे होते. गावच्या पक्षीमित्र समितीचे अध्यक्ष शेषराव चार दिवसांपासून भाषण घोकत होते.

"पाखराले काहाची आली सीमा? सात देश वलांडून येते, पन त्याले कोनी अडवत नाही. मानसानंबी तसंच वागावं," ते मंडपात म्हणाले. टाळ्या थांबेनात.

मग पाहुणे दुर्बिणी घेऊन तळ्याकडे निघाले, तर शेषरावांच्याच वावरातल्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचा कंबरभर ढीग. सोबतच्या साहेबांनी तो हटवायला माणसं बोलावली.

शेषराव आडवे आले.



"ते जमनार नाही, साहेब. याच वाटेनं माह्या लहान्या भावाचा ट्रॅक्टर जाते."