भरदुपारी आलेला राजा

"मिरवा आता राजाला!" हौसा सुपाआडून पुटपुटली.

नवा कोंबडा अंधार पडल्यावर गुपचूप खुराड्यात सोडायचा, म्हणजे सकाळी जुन्या कोंबड्या त्याला आपलाच समजतात, हे तिनं नवऱ्याला दहादा सांगितलं होतं. पण केरबांचा कोंबडा काळाभोर कडकनाथ! "राजाला काय चोरासारखं आणायचं?" म्हणत त्यांनी त्याला भरदुपारी अंगणात सोडलं.

आज व्याही राजा बघायला आले, तर लंगडी गावठी कोंबडी त्याला टोचत अंगणभर पळवत होती. शेवटी तो बादलीमागं दडला.

"आजारी आहे का?" व्याह्यांनी विचारलं. सगळे चहात बघू लागले. हौसाची जीभ केव्हाची वळवळत होती, पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून तिनं पुन्हा सूप पाखडायला घेतलं.

"आजारी नाही," केरबा मिशी पुसत म्हणाले. "त्याच्या मालकानं बायकोचं ऐकलं नाही."